पहिला घोट

दूध करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता आणि रंगारी शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होता. बायको धावत आत आली.

"अहो, नाक गहाण ठेवलंय का?"

"लक्ष नव्हतं," तो म्हणाला.

लक्ष होतं. नाकच नव्हतं. तीस वर्षं गाड्यांवर रंगाचा फवारा मारून ते गेलं होतं, आणि जाताना जिभेची चवही घेऊन गेलं होतं. हे त्याला त्या दिवशी कळलं. बायकोला सांगायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. तिचा सगळा जीव स्वयंपाकात. तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढची अकरा वर्षं त्याने निभावून नेली. पानात पडेल ते "झकास". खरी कसोटी वर्षअखेरच्या सुट्टीत. वर्कशॉपची मंडळी घरी जमायची. बायको बरणीभर व्हिस्कीचं पेय करायची आणि पहिला घोट त्यालाच द्यायची. तो डोळे मिटायचा, जीभ टाळूला लावायचा आणि म्हणायचा, "लिंबू कमी."

ती आणखी एक पिळायची. मंडळी बरणी रिकामी करायची आणि म्हणायची, "रंगाऱ्याची जीभ म्हणजे तराजू!" अंधारात मारलेला दगड दरवर्षी नेमका लागायचा.

यंदा ती नव्हती. जाऊन चार महिने झाले होते. पार्टी नको म्हणून त्याने सांगून पाहिलं, पण मेहुणी ऐकेना. दुपारीच पिशवी घेऊन हजर झाली.

"भावोजी, बाह्या वर करा. ताईने आजारपणात मला कागद लिहून दिलाय. मी वाचते, तुम्ही करा."

"तूच कर की."

"माझ्या हातचा चहा प्यायलाय ना तुम्ही? मग?"

तो हसला. पण आज बिघडलं तर नाव बायकोचं जाणार होतं.

मेहुणीने घडी घातलेला कागद डोळ्यांजवळ धरला. मध वाटीभर, गरम पाण्यात विरघळवून. आलं बोटभर, ठेचून. व्हिस्कीची एक बाटली. सोडा पेल्यात, वरून. लिंबं पाच.

पिशवीतून सहा निघाली. सहावं तिने ओट्याच्या कडेला ठेवलं.

"राहू दे. एखादं किडकं निघालं तर."

एकही किडकं निघालं नाही. त्याने पाचही पिळली, बिया गाळल्या, पळीने ढवळलं.

"आता तू चाखून सांग," तो म्हणाला.

"छे! पहिला घोट तुमचा. ताईचा नियम आहे."

त्याने पेला घेतला. डोळे मिटले. जीभ टाळूला लावली. नुसतं ओलं आणि थोडं झोंबणारं. बरणी जमली की फसली, देव जाणे. सवयीने तोंडातून निघालं,

"लिंबू कमी."

त्याने डोळे उघडले. मेहुणी हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. तिने कागदाची घडी उलगडून त्याच्या हातात दिली. घडीच्या आत बायकोचं अक्षर होतं.

"धाकटे, लिंबं खरी सहा लागतात. पण आधी पाचच पिळायची. दूध करपलं तेव्हाच मला समजलं, यांना वास नि चव कळत नाही. दरवर्षी म्हणतात, लिंबू कमी. त्यांनी म्हटल्यावरच सहावं पिळ."

दारावर मंडळींची थाप पडली आहे. सहावं लिंबू अजून ओट्यावरच आहे.