ब्रश पुसायची भिंत

भिंत पांढरीशुभ्र झाली होती.

संस्कृती जीपमधून उतरली आणि तिथेच खिळली. नाटे गावच्या बंदराकडे तोंड करून उभी असलेली ती मजीदचाचांच्या खोपीची चिऱ्याची लांबलचक भिंत. तिच्यासमोर चाचा उभे, हातात कुंचा, दाढीत चुना, आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न उरकल्याचं समाधान.

"कशी झाली?" ते म्हणाले. "मुंबयचे पाहुणे यायचे, त्यांना काय ती घाण दाखवायची? सकाळच्या नमाजानंतर लागलो. दोन हात मारले बघ."

पाहुणे ती घाण बघायलाच येत होते.

या गावात जो तो दर श्रावणात आपली होडी आपण रंगवतो, आणि काम संपलं की ब्रशातला उरलासुरला तेलरंग या भिंतीला पुसून घरी जातो. चाळीस-पन्नास वर्षं हेच चाललेलं. निळ्यावर लाल, लालवर पिवळा, त्यावर पुन्हा निळा. चित्र काढायचं म्हणून कोणी तिला कधी हात लावला नव्हता.

संस्कृतीचं काम भिंती निवडायचं. कुठल्या भिंतीवर कुठल्या चित्रकाराने काय रंगवावं, हे ती ठरवते. मंडणगडच्या तिच्या मावशीच्या मते हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं झालं, पण मावशीचं कोण ऐकतो! जिल्ह्यातल्या नऊ भिंतींवर तिने मोठमोठ्या चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली होती. दहावी ही. हिच्यावर काहीही काढायचं नाही, आहे तशीच दाखवायची, यासाठी ती भिंतचित्रांच्या समितीशी कडाकडा भांडली होती. चाचांना मात्र तिने एवढंच सांगितलं होतं, "तुमची भिंत निवडलीय." आता निवडलेली भिंत म्हटल्यावर भला माणूस ती स्वच्छ करणारच. चूक तिचीच होती.

पाहुण्यांच्या बसने हातखंबा सोडून तास होऊन गेला होता, ती कधीही पोचली असती. तिला ओरडावंसं वाटलं. मग तिने चाचांकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस पहाटेपासून शिडीवर चढत-उतरत होता, तोही तिच्यासाठी.

"छान झालीय," ती म्हणाली. ओढणीने डोळे टिपले.

"मग रडतेस कशाला?"

सांगावंच लागलं. चाचांनी कुंचा बादलीत ठेवला आणि ते खोपीच्या पायरीवर बसले.

"अगो, मग आधी नाय सांगायचं?" ते एवढंच म्हणाले. दाढीतला चुना आता त्यांना टोचू लागला असावा. ते तो नखाने खरवडत राहिले.

माडाखाली भागोजी जाळं सांधत बसला होता. चाचांच्या बरोबरीचा, दात कमी आणि जीभ जास्त. त्याने हे सगळं ऐकलं आणि सुई खाली ठेवली.

"दोघांनी मिळून अक्कल गहाण टाकलीय," तो म्हणाला. "मजीद, जल्म होडी रंगवण्यात गेला तुझा. तेलरंगावर चुना कधी धरलाय?"

त्याने पाण्याची बादली उचलली आणि सरळ भिंतीवर फेकली.

चुना दुधासारखा ओघळला. मागून लाल वर आला. पुढच्या बादलीला निळा. मग तिघंही सुटले. संस्कृतीने ओढणी कमरेला बांधली आणि काथ्याने घासायला घेतलं. रंगावरचा चुना पटापट निघत होता. मधल्या कोऱ्या चिऱ्याने मात्र तो पिऊन टाकला होता, तिथला हलेना.

"ऱ्हाऊदे तेवढा," भागोजी म्हणाला.

ती मागे सरकली आणि बघतच राहिली. काळपट चिऱ्यावर महिनाभर तिला जो नुसता गिचमिड थर दिसत होता, तो पांढऱ्यावर सुटा सुटा झाला होता. एकेक फटकारा वेगळा. हात उचलला कुठे, टेकला कुठे, सगळं दिसत होतं.

चाचा भिंतीच्या टोकाशी उभे होते. हलत नव्हते. तिथे एका हिरव्या रंगाचे दहा-बारा फटकारे होते. बाकी सगळ्यांचे उजवीकडून डावीकडे उतरलेले. हे तेवढे उलटे.

"काय झालं, चाचा?"

"अब्बा डावरा होता आमचा," चाचा म्हणाले. "आख्ख्या बंदरात एकलाच."

त्यांनी बोट पुढे केलं, आणि न लावताच मागे घेतलं.

बस आली. पाहुणे उतरले, भिंतीपुढे पसरले, हळू आवाजात बोलू लागले. संस्कृतीने भाषणाचा कागद काढलाच नाही. गुडघ्यापर्यंत चुन्याने भरलेली ती मागे माडाला टेकून उभी राहिली आणि खूप दिवसांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

गॉगल लावलेल्या एका बाईंनी चाचांच्या हातात मोबाईल दिला आणि फोटोसाठी त्या भिंतीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या. चाचांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ धरला. मग खाली घेतला.

"बाई, जरा बाजूला सरा," ते म्हणाले. "अब्बा दिसत नाय."