मुका वर्ग

आयर्लंडहून आल्यावर जपानी शाळेत इंग्रजी शिकवण्याचा माझा पहिलाच तास. प्रश्न विचारला की मुलं आधी शेजाऱ्याशी कुजबुजायची आणि मग मान खाली घालायची. मी खडू खाली ठेवला.

"मनावर घेऊ नका हो," वर्गशिक्षक कुवाबारा सर हळूच म्हणाले. "चुकलो तर हसं होईल, या भीतीनं इंग्रजीत तोंडच उघडत नाहीत. बोलती व्हायला वर्ष जाईल."

तेवढ्यात जमीन हादरली. सगळे क्षणात बाकांखाली गेले. मी मात्र फळ्यापाशी थिजून उभी. डोक्यावरचा दिवा गदागदा हलत होता. मुलं जपानीत काहीतरी ओरडली, मला कळेना.



मग बाकांखालून अख्खा वर्ग इंग्रजीत किंचाळला, "टीचर! टेबल! कम! कम! प्लीज, नो डाय!"