खट्ट

डीएसएलआर घ्यायचा की मिररलेस, यात बाबांनी तीन महिने घालवले. वजन, बॅटरी, लेन्स असे रकाने आखून केलेला तक्ता त्यांनी फ्रीजच्या दारावरच चिकटवला होता, त्यामुळे दूध काढायला गेलं तरी कॅमेऱ्यावर भाषण ऐकावं लागायचं.

आईचा प्रश्न मात्र एकच होता. "यातल्या कशात तरी माझे डोळे उघडे येतील का हो?"

कॅमेऱ्याचा आवाज झाला की आई दचकते आणि डोळे मिटते. लग्नापासूनच्या सगळ्या अल्बममध्ये ती झोपलेलीच आहे.

शेवटी दुकानातल्या मुलीनेच दोन्ही कॅमेरे पुढे केले. "काका, काकूंचाच फोटो काढून बघा ना!"

डीएसएलआरमधला आरसा खट्टकन उडाला आणि आईचे डोळे मिटले. मिररलेसमध्ये आरसाच नव्हता, उरलासुरला आवाजही बंद करता येत होता. त्यावर बाबांनी पाच फोटो काढले आणि पाचही फोटोंत आईचे टपोरे डोळे! आई मात्र अजून श्वास रोखूनच बसलेली. "अहो, काढा की एकदाचा!"

तक्ता केराच्या टोपलीत गेला आणि मिररलेस घरी आला. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आई छान आवरून खुर्चीत बसली आणि बाबांनी मोठ्या ऐटीत फोटो काढला.

 

फोटोत आईचे डोळे घट्ट मिटलेले होते, कारण फोटो निघाल्याचं तिला कळावं म्हणून बटण दाबताना बाबाच तोंडाने "खट्ट" म्हणाले होते.