साबणचोरीची तक्रार

“तेवीस दिवसांची नोंद आहे, सर! तारीख, वेळ, सगळं!” केळुसकर सरांनी प्राचार्यांच्या टेबलावर बाटली आपटली आणि पाच पानी तक्रार वाचायला घेतली.

पिएदाद दाराजवळ हात बांधून उभी होती. बंदरावरच्या त्या कॉलेजात प्रयोगशाळेचं काचसामान धुवायला लागून तिला दोन वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची होती. चोरीचा शिक्का बसला की कायम होणार होती ती फक्त बदनामी.

केळुसकर सर रसायनशास्त्राचे. पीएच.डी.साठी ते चार वर्षं एक पिवळा साबण शिजवत होते. विषय भारी होता. या साबणाचे कण पाण्यात एकमेकांना धरून लांब दोऱ्या होतात, म्हणून पाणी जेलीसारखं घट्ट होतं. उजेड पडला की दोऱ्या सुटाव्यात, पाणी पातळ व्हावं. काळोखात दोऱ्या पुन्हा जमाव्यात. मुंबईचे गाइड म्हणायचे, होईल. होत नव्हतं. सर खिडक्या लावून, काळे पडदे ओढून ट्यूबलाइटखाली बाटली धरायचे. साबण ढिम्म. फसलेली बाटली मग खिडकीच्या फळीवर जायची, आणि तिथे पिएदाद बाटलीतला साबण चोरून पाणी भरायची. निदान सरांचं तसं म्हणणं होतं.

तक्रार मात्र झकास उतरली होती. सकाळी आठला घट्ट, दुपारी बाराला पातळ, दुसऱ्या सकाळी परत घट्ट, कारण सदर बाई भीतीने साबण परत आणून ओतते. ढगाळ दिवशी चोरी नाही, कारण सदर बाई आळशी आहे. रविवारी खिडक्या बंद, बाटली घट्ट, कारण त्या दिवशी सदर बाई चर्चला जाते आणि देवाला घाबरते.

“माका तो साबण कित्याक होयो, सर?” पिएदादला राहवेना. “पिवळ्या साबणान धुतलेलो कपडो पिवळो नाय होवचो?”

“मध्ये बोलू नकोस!” सर म्हणाले.

पानं पाचच होती, पण सर ओळीओळीवर भाष्य करत होते. तासभर गेला. खिडकीतलं ऊन सरकत टेबलावर आलं. ऐकून दमलेल्या प्राचार्यांनी चाळा म्हणून बाटली तिरकी केली. आतलं पिवळं पाणी डुचमळलं.

“केळुसकर, आणलीत तेव्हा ही घट्ट होती ना?”

“घट्ट म्हणजे? उलटी केली तरी हलत नव्हती.”

“मग आता हिने पाणी ओतलं कधी?”

सरांनी पिएदादकडे पाहिलं. ती दारातून हललीसुद्धा नव्हती. मग त्यांनी बाटलीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही चार वर्षांचा! पिएदादच्या छातीवरचा धोंडा उतरला. राग मात्र तिथेच बसून राहिला.

“सर, ही तक्रार नाही!” केळुसकर ओरडत उठले. “हा माझा प्रबंध आहे! ऊन, ढग, वेळा, सगळं आहे यात!”

प्राचार्य मिस्कील होते. “छान झालं. पण नोंदी खऱ्या आहेत असं सांगणारा साक्षीदार लागेल. तुमच्याखेरीज तिथे रोज हजर कोण होतं?”

सरांनी माफी मागण्यात वेळ दवडला नाही. विज्ञान कुणासाठी थांबत नसतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तेच पाच कागद पिएदादपुढे धरले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला अहो-जाहो केलं.

“पिएदादबाई, इथे खाली सही करा.”

पिएदादने पेन घेतलं. पाचही कागद शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचले.

“चोराची सही चलता, सर?”