तेलाचा डाग

"टाकीत, इंजिनात थेंबभरही काही चालत नाही, काका. बोटीचा नियम आहे," असं म्हणत पॅकिंगवाल्यानं भालचंद्ररावांची जुनी मोटारसायकल पार कोरडी केली. ऑकलंडच्या लेकीनं हट्टानं मागवली होती म्हणून ते गप्प होते, पण आता ही पुन्हा सुरू व्हायची नाही, असंच त्यांना वाटत होतं.

पेटीचं झाकण ठोकणार, तोच इंदूताई वाटी घेऊन आल्या. फरशीवर रोज तेल गळतं म्हणून याच बाईनं जन्मभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. आज मात्र प्रवासाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर ठेवावं, तसं त्यांनी हँडलवर चमचाभर दही ठेवलं. पॅकिंगवाल्यानं ते हळूच पुसून घेतलं.

दोन महिन्यांनी लेकीचा फोन आला. "बाबा, तेल-पेट्रोल घातलं आणि दुसऱ्या किकला सुरू झाली!" भालचंद्ररावांचे डोळे भरून आले. "पण एक घोळ झालाय. सकाळी बघते तर आमच्या नव्याकोऱ्या गॅरेजात तेलाचा हा एवढा डाग!"

ते ओशाळून काही बोलणार, तेवढ्यात इंदूताईंनी फोन ओढून घेतला.

"पडला ना डाग? मग रुळली गं ती तिथं!"