चेअरमनचा खिसा

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गावानं दूध सोसायटी काढली आणि नानासाहेबांना चेअरमन केलं. त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, म्हणून दूध केंद्राची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. पुढं त्यांनी भूमला कोंबड्यांची सोसायटी काढली, परंड्याला तेलघाणीची काढली, आणि तो खिसा गावोगाव हिंडायला लागला.

त्या दिवशी बाया पहाटेपासनं कुलपापुढं चरव्या घेऊन बसल्या होत्या. नानासाहेब उगवले भर दुपारी. तोवर उन्हानं सगळं दूध नासलं होतं. मुक्ताबाईनं गळ्यातली बोरमाळ मोडून म्हैस घेतलेली, तिची चूल त्याच दुधावर पेटायची. तिनं चरवी थेट त्यांच्या नाकाखाली धरली.

"गावोगाव दुकानं मांडण्यापरीस हे एक तरी धड चालवा की, नानासाहेब! आता ह्या दुधाचं काय करू म्या?"

नानासाहेबांनी वास घेतला. त्यांचा चेहरा असा उजळला, की आम्हाला वाटलं, गडी आता किल्ली देऊन मोकळा होतोय.



"रडता काय मुक्ताबाई, उद्याच आपण दह्याची सोसायटी काढू!"