वाटेतला पीळ

दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरींना वाटेतली चुंबकीय क्षेत्रं पीळ देतात. तो पीळ वजा केला की मूळ लहर कळते. लेकीचं रोजचं काम तेच. घरच्या फोनलाही तिने तोच हिशेब लावला होता. पक्की नोकरी सोडून ती या आभाळाच्या नादी लागली, तेव्हापासून बाबांनी अबोला धरलेला. आई मात्र दर फोनला सांगायची, "बाबा म्हणतात, वेळेवर जेव, डोळ्यांना जप." लेक त्यातून आईची माया वजा करायची. बाबांच्या वाट्याला शून्य उरायचं.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी फोन बाबांनी उचलला. "झोपलीय ती," म्हणाले, खाकरले, आणि फोन ठेवता ठेवता पुटपुटले, "वेळेवर जेव. डोळ्यांना जप."